ठकू टिटवीचं तोंड

एका जंगलात सगळे प्राणी दिवसभर मोबाइलवर खेळत बसलेले असत.

आता जंगलात मोबाइल कुठून आला, असं विचारू नका मुलांनो. तुमच्या हातात कुठून आला, ते तुमच्या आईला तरी सांगता येतं का? आला. पोरांनी जेवताना गप्प बसावं म्हणून आधी वानरांच्या पोरांच्या हातात आला. मग वानरांच्या हातात आला. बघता बघता कुणाच्या पंजात, कुणाच्या खुरांत, कुणाच्या सोंडेत जाऊन बसला.

खेळाचं नाव होतं ‘पाणवठा’. टोळी करायची, दुसऱ्या टोळीला हुसकून लावायचं आणि पाणवठा बळकावायचा. खेळता खेळता माइकवर बोलायचं. खेळ एवढाच. पण त्यात एक गंमत होती. खेळात तुम्ही कुणीही होऊ शकत होतात. उंदीर गवा होऊन खेळे. हत्ती फुलपाखरू होऊन खेळे, कारण जन्मभर तो स्वतःच्या वजनाला कंटाळला होता. वाघही खेळे. तो रोज हरे आणि फोन दगडावर आपटे. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे.

जंगल संपून जिथे माळ सुरू होतो तिथे ठकू टिटवी राहायची. राहायची म्हणजे काय, टिटवीला घर नसतंच. ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. भिंत नाही, दार नाही, कडी नाही. टिटवीची भिंत, दार आणि कडी म्हणजे तिचं तोंड. कुणी जवळ आलं की ती त्याच्या डोक्यावर घिरट्या घालते आणि असा काही गलका करते, की आलेला गडी अंडी विसरतो, कान झाकतो आणि परत जातो.

तर ठकू तोंडाची फटकळ होती. फटकळ हा शब्द मी जपून वापरतोय.

खेळात ती टेहळणी करायची. तिच्या टोळीत ठिपक्या नावाचं हरणाचं पाडस होतं. पळायला ते एक नंबर, पण मागे बघायचं त्याच्या कधी लक्षात राहत नसे. टोळीत एक कासवही होतं. त्याचा खेळ अजून उघडत होता.

“आरं ए भुसनळ्या, मागं बघ, मागं. डोळं काय गवतासंगं चरून टाकलंस का?” ठकू माइकवर ओरडायची.

ठिपक्या मागे बघायचा आणि वाचायचा. “थँक्यू, ठकूमावशी,” असं म्हणायचा.

ज्याच्यावर जीव असेल त्याला ती जास्त शिव्या घाली. ठिपक्याला ती सगळ्यांत जास्त घाली.

आणि खेळाबाहेर, खऱ्या जंगलातही, टिटवीच्या ओरडण्याचा एक जुना रिवाज होता. टिटवी ओरडली की वानर खाकरायचं. वानर खाकरलं की मोर ओरडायचा. मोर ओरडला की हरणं उधळायची. काय झालं, कुणी पाहिलं, नक्की का, असं कुणी विचारत बसत नसे. आधी पळायचं, चौकशी मागाहून. या रिवाजामुळे हरणांच्या कितीतरी पिढ्या उगाचच पळाल्या. पण त्या पिढ्या झाल्या, हे महत्त्वाचं.

मग नियम आले.

नियम उगीच आले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. तरसांची एक टोळी होती. ती खेळात एका बेडकाच्या मागे लागली. त्याच्या आवाजावरून, त्याच्या कातडीवरून, त्याच्या आईवरून, रोज उठून तेच. बेडकाने खेळणं सोडलं. मग बोलणं सोडलं. पावसाळा आला, डबकी भरली, तरी तो एका पानाखाली गप्प बसून होता. हे फार वाईट झालं. यात हसण्यासारखं काही नाही.

म्हणून सगळे म्हणाले, नियम हवेत. ठकूनेही पंख वर केला. “त्या तरसांच्या मुसक्या आवळा,” ती म्हणाली. त्यापुढे ती बरंच काही म्हणाली, पण ते सभेला ऐकू गेलं नाही असं ठरलं.

खेळ होता रोहित पक्ष्यांच्या कंपनीचा. गुलाबी, उंच मानेचे, लांबून आलेले. हिवाळ्यात यायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहून बैठका घ्यायचे, आणि ऊन तापायच्या आत परत जायचे. त्यांच्या देशात एक मोठं खारं तळं आहे. त्या तळ्यावर रोहितांशिवाय दुसरं कुणी नाही. तिथे कुणी कुणाला खात नाही. त्या तळ्यासाठी केलेले नियम त्यांनी जसेच्या तसे या जंगलाला लावले.

शिवी द्यायची नाही. आवाज चढवायचा नाही. कुणाला त्याच्या जन्मावरून, म्हणजे तो मुळात कोण प्राणी आहे त्यावरून, हाक मारायची नाही, कारण पाणवठ्यावर सगळे सारखे. आणि घबराट पसरवायची नाही. आधी खात्री, मग आरोळी.

वाचायला छान वाटतात की नाही? मलाही वाटले.

नियम पाळले जातात का, ते बघायला मॉडरेटर हवा होता. शुभ्रकांत बगळ्याला बोलावलं. रोहितांनी विचारलं, आपण कधी ओरडलात का? नाही. कधी कुणावर रागावलात? नाही. पुष्कळ वेळ एका पायावर उभं राहून एकाच जागी बघत राहू शकाल? तो म्हणाला, माझी लहानपणापासूनची सवय आहे. तसं उभं राहून तू करतोस काय, हे कुणी विचारलं नाही. मासे हजर होते. त्यांनी हरकत घेतली नाही. मासे कुणाबद्दलच हरकत घेत नाहीत.

झालं. शुभ्रकांत कामाला लागला.

पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. वानराने माकडाला ‘गाढवा’ म्हटलं. माकडाने तक्रार केली की माझी बदनामी झाली. गाढवाने तक्रार केली की माझी झाली. शुभ्रकांताने तिघांचेही माइक बंद केले. गाढवाचा का, असं कुणी विचारलं. तर तक्रारीत त्याने स्वतःला गाढव म्हटलं होतं.

तरसं मात्र हुशार. त्यांनी शिव्या सोडल्या. “आदरपूर्वक सांगतो,” असं ती आता सुरुवातीला म्हणत, आणि पुढे तेच सगळं. आदरपूर्वक सांगतो, आपल्याला पाहून मळमळतं. आदरपूर्वक सांगतो, आपण नसतात तर बरं झालं असतं. शुभ्रकांताने ही वाक्यं उलटसुलट तपासली. त्यांत एकही शिवी सापडली नाही. उलट ‘आपण’ सापडलं.

बेडूक पानाखालीच राहिला.

जे सर्वांत गोड बोलत त्यांच्या नावापुढे खेळात एक सोनेरी फूल उमलायचं. त्याला ‘सुवचनी बिल्ला’ म्हणत. पोराबाळांच्या आया तो बिल्ला बघायच्या आणि म्हणायच्या, अशांबरोबर खेळावं. ठकूच्या नावापुढे फूल उमलायची काही शक्यता नव्हती. तिचा माइक आठवड्यातून एकदा तरी बंद व्हायचाच.

अशात एक नवा खेळाडू आला. खेळात त्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं ‘कोवळं गवत’. हिरवंगार, वाऱ्यावर डुलणारं. बोलणं तर असं, की ऐकत राहावं.

“माफ करा हं, आपली हरकत नसेल तर मी आपल्याला आता मारतो,” असं तो म्हणे. मारून झाल्यावर विचारी, “लागलं नाही ना?”

आल्या आल्या त्याला सुवचनी बिल्ला मिळाला. शुभ्रकांताने त्याची वाक्यं काढून नमुना म्हणून सगळ्यांना ऐकवली. कोवळं गवत ठिपक्याच्या टोळीत आलं. कासवाची जागा तशीही रिकामीच होती.

“किती छान पळता आपण,” कोवळं गवत म्हणालं.

“थँक्यू दादा,” ठिपक्या म्हणाला.

“पाय अगदी भरलेले असतील, नाही? मांड्या वगैरे?”

“हो दादा.”

“वा. आणि आई दुपारच्या कुठे असतात आपल्या?”

ठकूच्या मानेवरची पिसं उभी राहिली. पण ती गप्प राहिली. आधी खात्री, मग आरोळी. नियमच होता ना.

खात्री दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ठकू अंड्यांवर बसली होती. समोर बोरीच्या झुडपाखाली एक लांडगा पोट टेकून पडला होता. पुढ्यात फोन, जिभेवरून लाळ गळतेय, आणि पंजाने फोनची काच पुसतोय. पुसून झाल्यावर तो माइकजवळ तोंड नेऊन अगदी हळुवार म्हणाला, “शुभ सकाळ, ठिपक्याशेठ. झोप झाली का नीट?”

त्याच क्षणी ठकूच्या फोनवर कोवळं गवत बोललं. “शुभ सकाळ, ठिपक्याशेठ. झोप झाली का नीट?”

मग ठकूने जे करायचं तेच केलं. “ठिपक्या, मेल्या, पळ. लांडगा हाय त्यो, लांडगा. गवात न्हाई, लांडगा!”

तिचा माइक त्याच दमात बंद झाला. एका वाक्यात तिने सगळे नियम मोडले होते. असं आजवर कुणाला जमलं नव्हतं. मेल्या ही शिवी झाली, आवाज चढला, लांडगा हा जन्मावरून उल्लेख झाला, आणि पळ म्हटल्याने घबराट पसरली. पुढच्या पौर्णिमेपर्यंत बोलायला बंदी. ठिपक्याच्या फोनवर एक टूं आवाज तेवढा गेला.

ठकू उडत तळ्यावर गेली. शुभ्रकांत एका पायावर उभा होता.

“सायेब, त्यो गवात न्हाई, लांडगा हाय,” ती म्हणाली. “म्या माझ्या डोळ्यांनी बघितला.”

शुभ्रकांताने डोळे मिटले. “हा शब्द आपण पुन्हा वापरलात.”

“मग काय म्हनू त्याला?”

“मांसाहाराकडे कल असलेले सहखेळाडू, असं म्हणता येईल.”

“तेवढं म्हनस्तोवर पोराचं मटान हुईल.”

“हे पाहा, ठकूताई. त्यांच्या बोलण्यात एक तरी वावगा शब्द दाखवा. मी लगेच कारवाई करतो.”

ठकूने आठवून पाहिलं. वावगा शब्द नव्हता. खरंच नव्हता. “पन त्यो इचारतोय की तुजी आई दुपारची कुठं असती. ते कशाला?”

“आस्था,” शुभ्रकांत म्हणाला. “माझं काम काय बोललं जातं ते बघणं. कोण बोलतो आणि कशासाठी बोलतो, ते माझ्याकडे येत नाही.” एवढं बोलून त्याने पाण्यात चोच मारली आणि एक मासोळी गिळली. मासोळी काही बोलली नाही.

ठकू परत आली, तेव्हा खेळात बोलणं रंगात आलं होतं.

“उद्या दुपारी आपण खऱ्या पाणवठ्यावर भेटू या का?” कोवळं गवत विचारत होतं. “एक डाव आहे माझ्याकडे. तो असा सांगून कळणार नाही. प्रत्यक्षच दाखवावा लागेल.”

“येतो की दादा.”

“एकटेच या. म्हणजे नीट लक्ष देता येईल मला.”

माइक बंद झालेल्यांसाठी कंपनीने काही तयार वाक्यांची बटणं ठेवली होती. कुणाला अगदीच मुक्यासारखं वाटू नये म्हणून. छान खेळलात. आभारी आहे. शुभेच्छा. बस्स, एवढीच. ठकूने घाबरून तिन्ही बटणं दाबली. पुन्हा दाबली. दाबतच राहिली.

ठिपक्याच्या फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडला. “मावशी, तू किती चांगली झालीस गं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू नको जाऊ म्हणशील.”

ठकू फोन टाकून ठिपक्याच्या आईकडे उडाली. हरिणी कान लावून चरत होती. कान लावून म्हणजे कानात इअरफोन लावून. ठकूने तिच्यासमोर बसून पंख झाडले, तेव्हा तिने एका कानातला काढला.

“सकाळी सकाळी नको गं ओरडूस. अपशकुन होतो,” ती म्हणाली.

“तुज्या पोराला लांडग्यानं बोलावलंय पानवठ्यावर.”

“कोण लांडगा?”

“कवळं गवात.”

“अगं त्यांना बिल्ला आहे,” हरिणी म्हणाली. “आणि किती अदबीने बोलतात. परवा मला वहिनी म्हणाले. तू आपली जीभ सांभाळ, ठकू. पोरगं तुझ्याकडून काय काय शिकतंय. काल मला म्हणालं, आई, भुसनळ्या म्हणजे काय?” आणि तिने इअरफोन परत कानात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन माळावर नुसतं उभं होतं. अशा उन्हात टिटवी अंड्यांवरून उठत नाही. उठली तर अंडी शिजतात. ठकू बसून होती, आणि लांबून तिला ठिपक्या पाणवठ्याकडे जाताना दिसला. मान खाली, नजर फोनवर, कानांत इअरफोन.

ठकूने अंड्यांकडे बघितलं. मग ती उठली. काय वाटलं असेल तिला, ते मी सांगू शकत नाही. तुमची आई सांगू शकेल.

पाणवठ्यावर ती पोचली, तेव्हा लांडगा पाण्याच्या कडेला मागचे पाय आवळून बसला होता. ठिपक्या त्याच्यापासून दोन उड्यांवर होता. ठकूने तोंड उघडलं. ती काय काय बोलली ते मी इथे सांगणार नाही, कारण ही गोष्ट तुमच्याआधी तुमचे बाबा वाचतील. पण अकलेच्या कांद्या, भुसनळ्या, मुडद्या हे त्यातले सगळ्यांत मऊ शब्द होते. असला गलका या जंगलाने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

आणि तोही ऐकला नाहीच. वानर झाडावर बसून खेळत होतं, कानांत इअरफोन. मोर खेळत होता. हरणं खेळत होती. ठिपक्यालाही ऐकू गेलं नाही.

लांडग्याला तेवढं ऐकू गेलं. त्याने वर पाहिलं. “ताई, जरा हळू,” तो म्हणाला. “समोर लहान मूल आहे.”

ठकूने मग खाली झेप घेतली आणि ठिपक्याच्या कपाळावर अशी चोच हाणली, की इअरफोन गळून पाण्यात पडला.

“पळ, अकलेच्या कांद्या!”

“या ना ठिपक्याशेठ, बसा,” लांडगा म्हणाला आणि झेपावला.

ठिपक्याला विचार करायला वेळ मिळाला नाही, म्हणून तो वाचला. हरणाचे पाय टिटवीचा आवाज ओळखतात. पायांनी त्याला उचलून नेलं. लांडग्याच्या दातांत शेपटीचे थोडे केस तेवढे राहिले. ते त्याने थुंकले, तोंड पुसलं, आणि फोन काढून तक्रार केली.

भर दुपारी, चारचौघांत, मला माझ्या जन्मावरून हिणवण्यात आलं. माझ्या जेवणात व्यत्यय आणण्यात आला. मला फार वेदना झाल्या.

शुभ्रकांताने चौकशी बसवली. हे तर खेळाबाहेर घडलं, असं ठकू म्हणाली. पण भेट खेळात ठरली होती, तेव्हा पाणवठाही खेळातलाच धरला गेला. साक्षीला ठिपक्याला उभं केलं.

“ठकूताई तुला काय म्हणाल्या?” शुभ्रकांताने विचारलं.

ठिपक्या खरं बोलणारं पोर होतं. “अकलेच्या कांद्या.”

“आणखी?”

“भुसनळ्या. आणि मुडद्या.”

“आणि कोवळं गवत काय म्हणाले?”

“या ना ठिपक्याशेठ, बसा.”

“त्यांनी दुसरं काही बोलून तुझा अपमान केला?”

“बोलून नाही, पण त्यांनी...”

“बोललं गेलं तेवढंच विचारतोय. मुडद्या म्हटल्याचं तुला वाईट वाटलं का?”

ठिपक्याने विचार केला. वाटलं तर होतं. सगळ्यांसमोर मुडद्या म्हटलेलं कुणाला आवडेल? “थोडंसं,” तो म्हणाला.

निकाल लागला. ठकूला खेळातून कायमचं काढलं. ती माळावर परत गेली आणि अंड्यांवर बसली. अंडी तापली होती, पण शिजली नव्हती. ती बसल्या बसल्या रडली. कायमचं काढलं याचं तिला फारसं काही नव्हतं. ते ‘थोडंसं’ तिला लागलं होतं.

कोवळ्या गवताला झालेल्या मनस्तापाबद्दल कंपनीने त्याचं सांत्वन केलं. त्याला नव्या खेळाडूंचा मार्गदर्शक नेमलं. लगेच सगळ्यांच्या फोनवर सूचना आली. लहान मुलांसाठी सुसंवाद शिबिर, खऱ्या पाणवठ्यावर. प्रवेश सर्वांना. मोठ्यांनी सोबत थांबण्याची गरज नाही. कृपया इअरफोन आणावेत.

सशांच्या आयांनी पोरांचे कान पुसून दिले. खारींनी पोरांच्या शेपट्या विंचरल्या. ठिपक्याची आईही म्हणाली, तूही जाऊन ये, झालं गेलं विसरून.

ठिपक्याला ते दात आठवले. रात्री झोपेतही त्याला तेच दिसत होते. खेळातलं कोवळं गवत आणि ते दात त्याच्या डोक्यात काही केल्या एकत्र बसत नव्हते, आणि आता एकदम बसले. तो धावत माळावर गेला.

ठकूने त्याच्याकडे पाठ फिरवली.

“मावशी, मला शिव्या शिकव,” तो म्हणाला.

“आदी मागं हो. अंड्यावर पाय पडंल.”

तो मागे झाला. “शिकव ना. सगळी पोरं चाललीत तिथं. मी नुसतं सांगितलं तर माझं कुणी ऐकणार नाही. तू ओरडतेस तसं मला येत नाही.”

ठकूने चोचीने एक अंडं पोटाखाली सरकवलं. “त्या शिकवून येत न्हाईत,” ती म्हणाली शेवटी. “जीव जळाय लागला की आपसूक येत्यात.”

ठिपक्या तिथेच उभा राहिला. त्याने ससुल्यांचा विचार केला. पोरं रांगेने निघतील, पाणवठ्यावर लांडगा या, बसा म्हणेल, ती बसतील. त्याच्या छातीत काहीतरी तापायला लागलं. त्याने फोन काढला, माइक तोंडाशी धरला आणि डोळे मिटले.

“मुडद्यांनो,” तो ओरडला, “अकलेच्या कांद्यांनो, भुसनळ्यांनो, बिल्ला काय बघताय, दात बघा त्याचे. लांडगा आहे तो. लांडगा. लांडगा. लां...”

माइक बंद झाला. ठिपक्याला कायमचं काढलं. पण खेळात त्या वेळी सगळी पोरं होती आणि ठिपक्या त्यांच्यातलाच होता. टिटवीचं ऐकायचं नसतं हे त्यांना शिकवलं होतं, पण ठिपक्याबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं.

“लांडगा?” एका ससुल्याने नुसतं विचारलं. त्याला काढलं.

“कोण लांडगा म्हणालं?” खारीने विचारलं. तिला काढलं.

“ससुल्या लांडगा म्हणाला, म्हणून काढलं त्याला,” साळिंदराने समजावून सांगितलं. त्यालाही काढलं.

मग वणवाच लागला. जो तो विचारी, का काढलं, आणि उत्तर देणारा निघून जाई. ससे गेले, खारी गेल्या, वानरं गेली. हरिणी म्हणाली, माझ्या पोराला का काढलं, तो फक्त लांडगा म्हणाला, आणि हरिणी गेली. तिच्यामागे सगळा कळप गेला. शुभ्रकांत एवढं काम करत होता की जन्मात पहिल्यांदा त्याने दोन्ही पाय खाली टेकले. बंदी आलेल्यांना कंपनीच्या कोणत्याही कार्यक्रमाला जाता येत नाही, असा नियमच होता. त्यामुळे शिबिराला एकही पोर आलं नाही. लांडगा स्वच्छ तोंड धुऊन संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर बसून राहिला.

जंगलात आता रिकामे कान होते. पहिले काही दिवस सगळे चिडचिडे झाले आणि एकमेकांना वाटेल ते बोलले. पण मग एका सकाळी माळावर ठकू ओरडली, वानर खाकरलं, मोर ओरडला आणि हरणं उधळली. कुणाला काय झालं ते ठाऊक नव्हतं. सगळे पळून दमल्यावर एकमेकांकडे बघून हसले. ठकूची पिल्लं तोवर अंड्यांतून बाहेर पडून खड्यांत तुरुतुरु चालत होती आणि आल्या-गेल्याला शिव्या देत होती. ठिपक्या रोज त्यांच्या शिव्या खायला जायचा.

हिवाळ्यात रोहित पक्षी आले. त्यांनी खेळ उघडून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. एक शिवी नाही. एक चढलेला आवाज नाही. एकही तक्रार नाही. अख्ख्या पृथ्वीवर इतकं सभ्य जंगल त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी समारंभ करून जंगलाला मोठं पदक दिलं. स्वीकारायला खेळात उरलेले सगळे खेळाडू आले होते. म्हणजे कोवळं गवत, आदरपूर्वक बोलणारी तरसं, आणि कासव, ज्याचा खेळ नुकताच उघडला होता. शेजारी शुभ्रकांत उभा होता.

समारंभाचा फोटो आहे. त्यात सगळे अगदी अदबीने उभे आहेत. लांडगा शुभ्रकांताच्या जरा जास्तच जवळ उभा राहिलाय, असं लांबून बघणाऱ्या काही प्राण्यांना वाटलं. पण ते सगळे बंदी आलेले होते, त्यामुळे त्यांचं मत धरलं गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कंपनीची जाहिरात निघाली. मॉडरेटर पाहिजे. जागा तातडीने भरायची आहे. उमेदवार मितभाषी असावा.

तात्पर्य : मुलांनो, खेळताना नेहमी सभ्य भाषा वापरावी. दात कसेही वापरले तरी चालतात, त्यांच्याविषयी नियमांत काही म्हटलेलं नाही.